तक्रार : ‘वापरण्यापूर्वी जोरात हलवा’ असे छापलेल्या टिंटेड जेल बेसबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

लातूरला माझे छोटे पार्लर आहे. लगीनसराईच्या तोंडावर गंजगोलाईतल्या होलसेल दुकानातून तुमच्या टिंटेड रबर बेसच्या, म्हणजे नखांवर खालचा थर म्हणून लावायच्या रंगीत जेलच्या, फिकट गुलाबी शेडच्या बाटल्या घेतल्या. पक्के बिल सोबत जोडले आहे. रंगाबद्दल तक्रार नाही. सावळ्या हातावर पांढुरकी न दिसणारी अशी छटा सहजासहजी मिळत नाही, म्हणून तर एवढे लिहीत बसले. नाहीतर बाटल्या दुकानदाराच्या काउंटरवर ठेवून मोकळी झाले असते.

तक्रार आहे ती लेबलाची. त्यावर तुम्ही छापले आहे, ‘वापरण्यापूर्वी बाटली जोरात हलवा. एकच जाड कोट द्या. 60 सेकंद लॅम्पखाली धरा.’ माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीने ते वाचून एका नवरीच्या हाताला अगदी तस्सेच केले. जेल वाळवायच्या लॅम्पमधून हात बाहेर आला तेव्हा नखांत खसखशीएवढे बुडबुडे अडकलेले. वरून फाइल मारून सपाट करायला गेलो तर बुडबुडे फुटून तिथे बारीक खड्डे पडले. टॉप कोटने (सगळ्यात वरच्या थराने) ते झाकले गेले असे वाटले, पण नीट भरले नव्हते. दुसऱ्या दिवशी हळद लागली आणि प्रत्येक खड्ड्यात पिवळा ठिपका बसला. स्पिरिटने पुसले, तरी निघेना. नवरीची आत्या म्हणाली, “ताई, नखाला गोवर आला का काय?” शेवटी सगळे घासून काढून नव्याने करून दिले, अर्थातच फुकट.

तुमच्या हेल्पलाइनला फोन केला तर पलीकडच्या मॅडम म्हणाल्या, “बाटली हलवली असेल. जेल कधीच हलवायचं नसतं.” लेबलावरची ओळ वाचून दाखवली तेव्हा थोडा वेळ आवाजच नाही. मग म्हणाल्या, “तुमच्याकडे ऊन फार असतं ना, त्यानं होतं.”

मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशीपार जातो, खरे आहे. पण उन्हाने जेल पातळ होते, आणि पातळ जेलमधली हवा उलट लवकर वर येऊन निघून जाते. बुडबुडे जास्त अडकतात ते थंडीत, जेल घट्ट झाल्यावर. उन्हाळ्यातला त्रास वेगळाच, बेस ओघळून कडेच्या कातडीवर उतरतो. त्यामुळे हे कारण मला सांगू नये.

टिंटेड बेसमधला रंग तळाला बसतो, तो मिसळावा लागतो, हे मान्य. त्यासाठी बाटली दोन तळव्यांत धरून सावकाश फिरवली की पुरते. ब्रश बाटलीत वरखाली घुसळायचा नाही, तोंडाशी एका बाजूने निथळवायचा. पहिला कोट अगदी पातळ, नखावर चोळून. दुसऱ्याला एक थेंब क्युटिकलपासून (नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीपासून) थोडा अलीकडे ठेवायचा आणि ब्रश न दाबता टोकाकडे ओढत न्यायचा. मग बोट काही सेकंद उपडे धरले की बेस आपोआप सपाट होतो. एखादा बुडबुडा दिसला तर लॅम्पखाली जाण्याआधीच बारीक ब्रशच्या टोकाने फोडायचा. हे तुमच्या लेबलावर का नाही?

जाड कोटाचा सल्ला तर त्याहून वाईट. रंगामुळे लॅम्पचा प्रकाश खालपर्यंत पोचत नाही. वर साय धरते, खाली ओले राहते, हवा मधेच कोंडते. शिवाय जाड थर एकदम वाळताना नख असे तापते की गिऱ्हाईक हात झटकन बाहेर ओढते. (लाईट गेली तर आमचा लॅम्प इन्व्हर्टरवर चालतो, तेव्हा तेही कारण नको. त्याच लॅम्पखाली दुसरे बेस नीट वाळतात.) आणि न वाळलेले जेल कातडीला वारंवार लागले तर ॲलर्जी होऊ शकते, त्याची सूचना लेबलावर कुठेच नाही.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा न दिल्याने ग्राहकाला इजा झाली, तर उत्पादक जबाबदार धरला जातो. गिऱ्हाइकाच्या कातडीवर ती वेळ येण्याआधी लेबल बदला. ‘पार्लरवाले म्हणजे व्यापारी’ असे उत्तर देऊ नका; स्वतः राबून त्यावरच पोट भरणारा माणूस त्या कायद्यात ग्राहकच आहे.

न उघडलेल्या बाटल्यांचे पैसे परत करा आणि नवरीचे काम दुसऱ्यांदा करायला लागलेला खर्च द्या. लेबलावरची चुकीची सूचना काढा, बरोबर पद्धत मराठीतही छापा. दुकानांत पडून असलेल्या मालासोबत तोवर निदान एक चिठ्ठी पाठवा, कारण तीच बाटली उद्या उदगीर-अहमदपूरच्या पार्लरमध्ये कुणीतरी जोरात हलवणार आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवून पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

बिल, लेबलाचे व बॅच क्रमांकाचे फोटो आणि पिवळे ठिपके पडलेल्या नखांचा फोटो (नवरीला विचारून, चेहरा न दाखवता) जोडला आहे.

आपली ग्राहक,
पार्लर चालिका, लातूर