बाबांच्या टेस्टबद्दल

परळ, मुंबई
रविवार

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

बाबांचा किडनीचा कॅन्सर परत येणार का ते रक्तावरून सांगणाऱ्या मायक्रोआरएनए टेस्टची तू पाठवलेली जाहिरात मी दोनदा वाचली. फोनवर या विषयावर आपल्या दोघांचाही आवाज चढतो, म्हणून लिहितेय.

मायक्रोआरएनए थोतांड नाही, हे आधी सांगते. जेमतेम 22 अक्षरांचा तो आरएनएचा तुकडा. जनुकाचा संदेश घेऊन निघालेल्या लांब आरएनएला तो चिकटतो आणि त्यातून प्रथिन बनू देत नाही. 1993 साली मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत तो पहिल्यांदा सापडला. त्याबद्दल ॲम्ब्रोस आणि रुव्हकुन यांना 2024चं नोबेल मिळालं.

बाबांची किडनीतली गाठ क्लिअर सेल प्रकारची. त्यात बहुतेक वेळा व्हीएचएल हे जनुक निकामी झालेलं असतं. मग ऑक्सिजन भरपूर असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागते, नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. त्यातच 210 नंबरचा मायक्रोआरएनए वाढतो. 21 नंबरचाही वाढतो, आणि पेशींच्या वाढीला लगाम घालणारं पीटेन दाबून टाकतो. मला धास्ती वाटते ती 200 नंबरच्या मायक्रोआरएनएंच्या घराण्याची. ते असले की पेशी एकमेकींना धरून राहतात. ते कमी झाले की झेब नावाची प्रथिनं माजतात, पेशींची पकड सुटते, त्या रक्तात उतरतात आणि फुफ्फुसात, हाडांत जाऊन बसतात.

तीस वर्षं मी लॅबमध्ये गाठींचे नमुने बसवलेले मेणाचे ब्लॉक कापले. ही गाठ कापली की आतून पिवळीधमक दिसते, पेशींत चरबी भरलेली असते म्हणून. स्लाइड तयार होताना ती चरबी विरघळते आणि भिंगाखाली पेशी रिकाम्या, काचेसारख्या दिसतात. मेणातल्या ब्लॉकमध्ये लांब आरएनए तुटून जातो, पण मायक्रोआरएनएचे तुकडे आखूड, ते वर्षानुवर्षं टिकतात. म्हणजे नंबर घालून कपाटात लावलेल्या माझ्या त्या ब्लॉक्समध्ये हे सगळं होतंच रे! हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण रक्तातल्या मायक्रोआरएनएवरून गाठ परत येणार का ते सांगणारी टेस्ट अजून नेहमीच्या उपचारात आलेली नाही. रक्त काढताना तांबड्या पेशी थोड्या फुटल्या तरी आकडे बदलतात. असे फुटलेले, लालसर झालेले नमुने मी किती परत पाठवलेत! उद्या नुसता एक वाढलेला आकडा हातात आला, तर बाबांना काय सांगायचं? डॉक्टर तरी त्यावर काय करणार? त्यांचा भरवसा सीटी स्कॅनवर आहे, माझाही आहे.

स्कॅन पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी आहे. टेस्टच्या पैशांत तिकीट काढ आणि ये. बाबांनी फाइल आत्तापासूनच कापडी पिशवीत भरून दाराच्या खिळ्याला लावून ठेवलीय. रोज एकदा उघडून कागद मोजतात.

फोन रात्री साडेआठनंतर कर. तेव्हा ते खाली चालायला गेलेले असतात.

तुझी,
आई