अंबडच्या गाळ्यातल्या काकांना, एका पुलीबद्दल

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

सायकल कुठल्या कंपनीची, हे नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या टपरीवर चहा घेताना कुणी ना कुणी विचारतंच. फ्रेम माउंटन बाइकची, हँडल रेसिंग सायकलचं, पुढचा फोर्क कार्बनचा. आणि मागे डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाच्या, जरा अलीकडे एक चकचकीत ॲल्युमिनियमची पुली. बोट तिच्याकडेच जातं. ही नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत बनली, असं मी अभिमानाने सांगते. कुणाकडे, असं विचारलं की मात्र मला थांबावं लागतं. नाव-पत्ता कुणाला देऊ नका, एकेका नगासाठी रांग लागली तर पार्टीची, म्हणजे मोठ्या गिऱ्हाइकांची, कामं अडतात, असं तुम्ही बजावून ठेवलंय. तुमचा शब्द पाळून, नाव न घेता, पण चारचौघांसमोर तुमचे आभार मानायचे म्हणून हे पत्र लिहिते आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. माझी सायकल ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडीच्या रस्त्यांवरची. तिला रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं हँडल असतं, पण टायर रुंद आणि गिअर चढाला सोपे. डांबर संपून मुरूम लागला तरी उतरावं लागत नाही. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावी २००६ मध्ये खडीच्या रस्त्यांवरची मोठी शर्यत सुरू झाली, पुढे हा प्रकार तिकडे चांगलाच फोफावला, आणि २०२२ मध्ये इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. रस्ते म्हणाल तर आपल्याकडे पहिल्यापासून आहेतच. गंगापूर धरणाच्या मागून धोंडेगावकडे निघा, काश्यपीच्या बाजूला वळा, नाहीतर हरसूलचा रस्ता सोडून कुठल्याही पाड्याकडे आत शिरा. मुरूम, खडी, गाडीवाट, मधेच एखादा फुटलेला फरशीपूल. असल्या रस्त्यावर शॉकअपची जड सायकल चढाला जीव काढते आणि रोड बाइकचा बारीक टायर उताराला.

माझ्या पगारात बसणाऱ्या तयार सायकली जड होत्या. दुसरं कारण मातीचं. पावसाळ्यात आपली काळी माती टायरला धरते, टायर आणि फ्रेममधली फट भरते आणि चाक जागच्या जागी अडकतं. २९ इंची माउंटन बाइकची फ्रेम सव्वादोन इंची टायरसाठी बनलेली असते. तिच्यात ४० मिलीमीटरचा टायर घातला की दोन्ही बाजूंनी मातीला वाट मोकळी राहते. चाकाचाही प्रश्न येत नाही, कारण २९ इंची आणि ७०० सी (रोड बाइकच्या चाकाचं माप), दोन्हींच्या रिमचं माप ६२२ मिलीमीटरच. म्हणून माझ्याच जुन्या माउंटन बाइकची फ्रेम ठेवायची आणि बाकी सगळं बदलायचं असं ठरवलं. अडीच किलोच्या आसपासचा शॉकअप काढून पाऊण किलोचा कार्बन फोर्क बसवला, तिथेच निम्मी लढाई जिंकली. पुढची तीन चक्रं, पुढचा डिरेलर, डावा शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) हे सगळं काढून पुढे ३८ दात्यांचं एकच चक्र ठेवलं. फ्रेम लांब पडते म्हणून स्टेम, म्हणजे हँडल धरणारा भाग, आखूड घेतला. रोड बाइकचे ब्रेक लिव्हर वायर कमी ओढतात, म्हणून डिस्क ब्रेकचे कॅलिपरही रोडच्या मापाचे घेतले. इथपर्यंतचं काम पाना, ॲलन की आणि थोडा धीर एवढ्यावर होण्यासारखं होतं.

गाडं अडलं गिअरपाशी. माझ्याकडे जुन्या रोड बाइकचे शिमानोचे १०-स्पीड शिफ्टर होते. मागे ४२ दात्यांच्या चक्रापर्यंत चेन न्यायची तर डिरेलर माउंटन बाइकचाच हवा. शिफ्टर एका क्लिकला साधारण २.३ मिलीमीटर वायर ओढतो आणि डिरेलरला एका गिअरमागे ३.३ च्या आसपास लागते. दोन्ही एकाच कंपनीचे, दोन्ही दहा गिअरचे, तरी एकमेकांशी जुळत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे मधे दोन खाचांची पुली. वायर लहान खाचेवरून सुटते, पुली फिरते, आणि वायरचं दुसरं टोक मोठ्या खाचेवर गुंडाळलं जाऊन जास्त ओढलं जातं. दोन खाचांचं गुणोत्तर १.४२ यायला हवं. असा भाग परदेशात तयार मिळतो. आपल्या गावात एवढे लेथ असताना तो समुद्रापलीकडून का मागवायचा, असं मला वाटलं. अंबडमध्ये मी बऱ्याच गाळ्यांत विचारलं. किती नग, हा पहिला प्रश्न. एक, म्हटलं की बोलणं संपायचं. त्यांचंही खरं आहे. मशीन लावायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात त्यांचे रोजचे कितीतरी नग निघतात.

तुम्ही मात्र माझ्या ड्रॉइंगचा कागद हातात घ्यायच्या आधीच विचारलंत, "वायर किती जाडीची?"

त्या एका प्रश्नाने मला कळलं की मी योग्य गाळ्यात आले आहे. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे या प्रश्नाची गोडी मला जरा जास्तच लागली. वायर १.२ मिलीमीटरची. खाचेच्या तळाचा व्यास १४ असेल तर वायरच्या मध्यातून मोजलेला व्यास १५.२ होतो, आणि ओढ ठरते ती या व्यासावर. त्याला १.४२ ने गुणलं की २१.६, त्यातून वायरची जाडी वजा केली की मोठ्या खाचेचा तळ २०.४. नुसत्या १४ ला गुणलं असतं तर १९.९ आलं असतं. फरक अर्ध्या मिलीमीटरचा. पण एका टोकाच्या गिअरपासून दुसऱ्या टोकापर्यंत नऊ क्लिक असतात, प्रत्येक क्लिकमध्ये थोडी थोडी चूक साचत जाते आणि शेवटच्या मोठ्या चक्रांवर चेन खरखरायला लागते. तुम्ही खडूने लेथच्या ट्रेवर हे गणित मांडलंत आणि मी वहीत. दोन्ही उत्तरं जुळली तेव्हा तुम्ही मान हलवून लेथचा चक, म्हणजे काम पकडणारा जबडा, उघडलात. वर्गात पोरांचं उत्तर माझ्या उत्तराशी जुळतं तेव्हा मी अशीच मान हलवते.

पुलीचं टर्निंग तुमच्या हाताला काहीच नव्हतं. खरं काम त्या तिरक्या भोकाचं. वायर एकच, अखंड, म्हणजे लहान खाचेतून मोठ्या खाचेत जायला तिला पुलीच्या अंगातून वाट हवी. दोन मिलीमीटरचं भोक, तेही तिरकं. ड्रिल पहिल्यांदा टेकलं की घसरतं, म्हणून तुम्ही आधी छोट्या कटरने तिथे एक सपाट बैठक काढलीत. भोक पडल्यावर मला वाटलं झालं. तुम्ही पुली उजेडाकडे धरलीत, भोकाच्या कडेवरून नख फिरवलंत आणि म्हणालात, "ही धार वायरचा एकेक तार खाईल." मग बारीक सुतळीला ग्राइंडिंग पेस्ट चोळून ती भोकातून ओवलीत आणि पुढे-मागे ओढत बसलात. शेजारच्या मशीनवर पार्टीचा माल थांबलेला होता आणि तुम्ही सुतळी ओढत होतात. कड गोल झाली, रॉकेलने धुतली, पुन्हा नख फिरवलंत, मग माझं नख तिथे फिरवायला लावलंत. आतून ६ आणि बाहेरून १३ मिलीमीटरचं बेअरिंग हलक्या दाबाने बसलं. पत्र्याचा ब्रॅकेट तुमच्या गाळ्यातल्या पोराने वाकवून दिला, त्यालाही या पत्रातून धन्यवाद सांगा.

सीटपोस्टच्या, म्हणजे सीट धरणाऱ्या दांड्याच्या, बुशबद्दल इथे थोडंच लिहिते, पण कारागिरी तीही मोठी. फ्रेमच्या नळीचं माप ३०.९ आणि मला बसवायचा होता २७.२ चा बारीक सीटपोस्ट, कारण बारीक पोस्ट खडीवर किंचित लवतो आणि पाठीला हादरे कमी बसतात. दोन्हींमधली फट भरणाऱ्या नळीची, म्हणजे बुशची, भिंत दोन मिलीमीटरचीही नाही. असा पातळ जॉब चकमध्ये आवळला की दबून तिकोनी होतो. तुम्ही आधी आतलं बोअर पुरं केलंत, मग तो मँड्रेलवर, म्हणजे आतून धरणाऱ्या दांड्यावर, चढवून बाहेरचा व्यास काढलात. बुश फ्रेममध्ये हाताने सरकला आणि शेवटी अंगठ्याने दाबावा लागला. त्यानंतर सीट कधी खाली घसरली नाही, कधी करकरलीही नाही.

सगळ्यात मोठे आभार तुमच्या नकाराबद्दल.

वजन आणखी उतरवायचं म्हणून मी क्रँक (पॅडलचे दांडे) आणि स्टेम तुमच्याकडे घेऊन आले होते, भोकं पाडून घ्यायला. मोबाइलवर बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्सच्या सायकलचा फोटोही दाखवला. १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत त्याने एका तासात ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम केला, त्या सायकलला जिथे जमेल तिथे भोकं पाडून वजन पावणेसहा किलोच्या आसपास आणलं होतं. तुम्ही फोटो नीट मोठा करून पाहिलात, कामाचं कौतुकही केलंत. मग विचारलंत, "ही चालली किती? एक तास, आणि गुळगुळीत ट्रॅकवर. तुमची कुठं चालणार?"

आणि बाकाखालच्या डब्यातून तुम्ही एक तुटलेला शाफ्ट काढलात. तो तुकडा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. तुटलेल्या तोंडावर अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावर असतात तशा गोल गोल रेघा, आणि उरलेला भाग खडबडीत, दाणेदार. रेघांचं मूळ नेमकं कीवेच्या, म्हणजे चावी बसवायच्या खाचेच्या, कोपऱ्यात. तुम्ही म्हणालात, "गुळगुळीत आहे तेवढा महिनोन्महिने चिरत गेला, कुणाला दिसला नाही. खडबडीत आहे तो एका झटक्यात गेला." धातूत भोक पाडलं की त्याच्या कडेशी ताण एकवटतो. पुस्तकातल्या साध्या उदाहरणात, म्हणजे ओढल्या जाणाऱ्या पट्टीतल्या गोल भोकाच्या कडेला, तो तिप्पट होतो. हे मी वाचलेलं होतं. पण उतारावर स्टेम तुटला तर हातात काय राहतं, याचा विचार मला त्या शाफ्टने करायला लावला. क्रँक, स्टेम, हँडल, फोर्क यांना हात लावायचा नाही, असं तुम्ही ठणकावलंत. वजन कमी करायचं तर जे भाग नुसते बसून आहेत ते काढा, जे राबताहेत त्यांना पोखरू नका. कितीतरी ग्रॅम पुढे याच नजरेने निघाले. बाटलीच्या पिंजऱ्याचे, केबल क्लॅम्पचे बोल्ट ॲल्युमिनियमचे केले, डिस्कचे आणि स्टेमचे बोल्ट स्टीलचेच ठेवले. ट्यूब काढून टायर ट्यूबलेस केले, त्यात वजनही वाचलं आणि बाभळीच्या काट्यांची कटकटही मिटली.

शेवटी माल तोलायच्या तुमच्या लटकत्या काट्यावर सायकल टांगली. पॅडलसकट ९.८ किलो. मूळची १३.६ होती. गाळ्यातली चारही माणसं काम सोडून आकडा बघायला आली होती.

आपल्या नाशिकला सायकलीचा अभिमान आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हा सगळं गाव हरखलं होतं, आणि हरखायलाच हवं होतं. सातपूर-अंबडच्या गाळ्यांतही सायकलीचं तेवढंच मोठं बळ आहे, असं मला आता वाटतं. तिथे मिलीमीटरच्या शंभरातला एक भाग पकडणारी नजर आहे. ती आपल्या सायकलवाल्यांच्या ओळखीची नाही आणि सायकलवाले त्या नजरेच्या ओळखीचे नाहीत. तुम्ही माझ्याकडून घेतलेत ते पैसे ॲल्युमिनियमच्या तुकड्याचे आणि बेअरिंगचे. वेळेचं काय, असं विचारलं तर म्हणालात, चालवून सांगा कशी चालते ते.

तर सांगते. दहाही गिअर पडतात, टोकाच्या ४२ वरही चेन आवाज करत नाही. पुलीने ओढ वाढली तेवढं बोटाला जोर जास्त लावावा लागतो, ते तुम्ही आधीच सांगितलं होतं आणि आता हाताला सवय झाली आहे. वाघेरा घाट बसल्या बसल्या चढता येतो. पावसाळा संपल्यावर तुम्ही सांगितल्याप्रमाणे पुली उघडली. खाचांत वायरची नुसती चमक आहे, घळ पडलेली नाही. तिरक्या भोकापाशी वायरचा एकही तार तुटलेला नाही. बेअरिंगमध्ये मात्र पाणी गेलं, फिरवताना दाणे लागतात. ब्रॅकेटच्या वरच्या बाजूने चिखल थेट त्यावर येतो, तिथे पातळ वॉशरसारखी झाकणी बसवता येईल का ते बघायला हवं.

ड्रॉइंगच्या झेरॉक्स मी मागेल त्याला देते, वायरच्या जाडीला लाल पेनने गोल करून. प्रत्येकाने आपापल्या जवळच्या लेथवाल्याकडे जावं आणि त्याचा वेळ मोजून पैसे द्यावेत, एवढं बजावते. नवं बेअरिंग घेऊन ठेवलंय. तुमचं पार्टीचं काम हातावेगळं झालं की फोन करा, पुली आणि बेअरिंग घेऊन येते. या वेळी वेळेचे पैसे घ्यायचे, हे आत्ताच लिहून ठेवते.

आपली,
सिडकोतल्या शाळेतली गणिताची मॅडम