नाथसागराच्या काठची पन्नास पावले पाखरांसाठी सोडावीत

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

संक्रांतीनंतरच्या रविवारी पहाटे मी पैठणच्या नाथसमाधी मंदिरामागच्या घाटावरून निघालो आणि दिवस मावळेपर्यंत शहर, कालवा आणि नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा, फुगवटा असा पायीच हिंडलो. सोबत दुर्बीण, एक वही आणि दुपारची भाकरी एवढेच होते. मी निवृत्त शिक्षक असून पाखरे पाहण्याचा नाद मला बऱ्याच वर्षांचा आहे. त्या दिवशी जे पाहिले त्यावरून एक विनंती करावीशी वाटते, म्हणून हे पत्र.

पैठणकरांना पाखरे पाहण्यासाठी शहराबाहेरसुद्धा जावे लागत नाही. जुन्या वाड्यांच्या पडक्या भिंतींत पिंगळ्यांच्या जोड्या आहेत आणि उजाडताना त्या भिंतीवर ऊन घेत बसलेल्या दिसतात. घाटावर धुणे सुरू होण्याआधीच पायऱ्यांवर धोबी पक्षी शेपूट हलवत फिरत होते. ज्याने कोणी त्यांना हे नाव दिले, त्याने ते घाटावर उभे राहूनच दिले असणार. धरणाच्या खालच्या डोहावर कवड्या खंड्या पंख फडफडवत हवेत एका जागी थांबत होता आणि खडकांवर पाणकावळे पंख पसरून वाळवत बसले होते.

तेथून डाव्या कालव्याच्या कडेने निघालो. दोनशे आठ किलोमीटर लांबीच्या या कालव्यामुळे मराठवाड्याच्या शेतीत काय बदल झाला, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको. कडेच्या बाभळींवर सुगरणींचे मागच्या पावसाळ्यातले खोपे रिकामे लोंबत होते. ज्वारी हुरड्यात आल्यामुळे भोरड्यांचे थवे फडावर उतरत होते आणि माळ्यावर उभा राहून एक मुलगा गोफण फिरवत होता. भोरडी आमच्या ज्वारीवर ताव मारते हे खरे. मात्र ती टोळ आणि नाकतोडेही तेवढ्याच आवडीने खाते, हेही सांगायला हवे.

दहाच्या सुमारास फुगवट्याच्या काठावर पोहोचलो. माझे सांगणे येथूनच सुरू होते.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत, सत्तावीस दरवाजे आणि १५२२ फुटांची पूर्ण पातळी हे आकडे आमच्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतात, कारण दर पावसाळ्यात घराघरांत त्याच पातळीची चर्चा असते. मात्र हा जलाशय परातीसारखा पसरट आणि उथळ आहे, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. पाणी फूटभर उतरले तरी काठ कितीतरी मागे सरतो आणि त्या जागी ओला, काळा, मऊ गाळ उघडा पडतो. या जलाशयावर आणि त्याच्या काठावर येणाऱ्या पाखरांमुळेच १९८६ साली याला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला.

मागे मुलीकडे ठाण्याला गेलो असताना तेथील खाडीवर रोहित पक्षी पाहिले होते. खाडीत ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि हजारो पाखरे चरायला उतरतात. भरती आली की ती उठतात. दिवसातून दोनदा हे चक्र चालते आणि पाखरांचा दिवस त्या घड्याळावर बांधलेला असतो. आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही, खाडी नाही. तरीही नाथसागराला ओहोटी आहे. ती वर्षातून एकदाच येते. दसरा-दिवाळीनंतर सुरू होते आणि उन्हाळाभर हळूहळू उतरत राहते. सैबेरिया, मंगोलिया, तिबेट आणि मध्य आशियातून हिमालय ओलांडून पाखरे नेमकी याच काळात येतात. पाणी रोज थोडे मागे सरते आणि रोज नव्या चिखलाची एक पट्टी त्यांच्यापुढे येते. त्यांचे ताट दररोज नव्याने वाढले जाते, असे म्हटले तरी चालेल.

ही पट्टी जवळून पाहायची तर काठाशी बसावे लागते. मी एका बाभळीच्या आडोशाला दोन तास बसलो. अगदी कडेला, जेथे पाण्याचा केवळ ओलावा असतो, तेथे छोटे टिलवे धावत होते. चिमणीएवढे, तीस ग्रॅमच्या आतबाहेर वजनाचे हे पाखरू उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात अंडी घालते आणि आमच्या पैठणच्या चिखलात शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चालवते. त्यापुढे बोटभर पाण्यात ठिपकेवाले तुतवार होते. वीतभर पाण्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे होते. त्याहून पुढे पोटापर्यंत पाण्यात उतरून काळ्या शेपटीचे मालगुजे आपली लांब चोच गाळात खुपसत होते. मग थापट्या, तलवार आणि हळदी-कुंकू ही बदके. हळदी-कुंकवाच्या चोचीचे टोक पिवळे आणि मुळाशी दोन लाल ठिपके असल्यामुळे हे नाव आपल्या आयाबहिणींना लगेच पटते. शेवटी खोल पाण्यावर वारकरी, म्हणजे काळ्या अंगाचे आणि कपाळावर पांढरा टिळा असलेले पाणपक्षी, शेकड्यांनी तरंगत होते. नाथांच्या गावी या पाखराचे दुसरे कोणतेही नाव मला रुचत नाही. पायाच्या आणि चोचीच्या लांबीप्रमाणे प्रत्येकाची जागा ठरलेली असते आणि ही सारी पंगत जेमतेम पन्नास-साठ पावलांच्या पट्टीत बसते.

आडोशापासून एक किलोमीटर पुढे गेलो, तर हीच पट्टी नाहीशी झालेली होती. ट्रॅक्टरने पाण्याच्या अगदी कडेपर्यंत नांगरट केली होती, पाण्यात मोटारींचे पाइप सोडले होते आणि गव्हाची कोवळी पाती थेट लाटेला लागली होती. गाळ उलटून वाळला की त्यातल्या अळ्या आणि किडे मरतात. ढेकळांत टिलव्याची चोच शिरत नाही. त्या सबंध टापूत मला चार बगळे आणि एक टिटवी दिसली. पाणी दोन्हीकडे सारखेच होते. फरक काय तो काठाचा होता.

गाळपेर, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, करणाऱ्यांविरुद्ध मी लिहितो आहे, असा कोणी अर्थ काढू नये. आमचे मूळ गाव याच धरणात गेले. वडिलांनी काळी कसदार जमीन पाण्याखाली जाताना पाहिली आणि पुढे काही वर्षे गाळपेर करूनच आमचे घर चालले. उघड्या पडलेल्या जमिनीवर धरणग्रस्ताचा पहिला हक्क आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. हरभरा, गहू, टरबूज यांचे ते एक पीक अनेक घरांत मुलांच्या फीचा आधार आहे. त्या दिवशी सात पट्टकादंब हरभऱ्याच्या रानात चरताना दिसले. हिमालयावरून उडत येणारे हे हंस गाळपेराच्या पिकातही उतरतात. म्हणजे पीक आणि पाखरू एकमेकांचे वैरी आहेत असे मुळीच नाही. पीक पाण्यापासून किती अंतरावर थांबावे, एवढाच प्रश्न आहे.

दुपारी आणखी एक गोष्ट घडली. काठावर टाकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्याच्या तुकड्यात एका शेकाट्याचा पाय गुंतला होता आणि सुटण्यासाठी धडपडून त्याने धागा आणखी आवळून घेतला होता. माझ्या एकट्याच्याने ते जमेना. जवळच होडी ओढणाऱ्या एका मच्छीमाराला हाक मारली. त्याने गमछा टाकून पाखराचे डोळे झाकले, ते पटकन शांत झाले आणि मग विळीच्या टोकाने एक-एक धागा कापला. पाय पेन्सिलीपेक्षा बारीक होता आणि धाग्याने त्यावर पांढरी खाच पाडली होती. मी आभार मानले तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, जाळं मपलं न्हाई, पण पाखरू तर मपल्याच पाण्यातलं हाय." पाखरू दोनदा अडखळले आणि उडाले. काठावरचे जाळ्याचे तुकडे वेचायला त्या माणसाने पुढचा अर्धा तास दिला. अभयारण्य कोणाच्या भरवशावर टिकेल, याचे उत्तर मला तेथे मिळाले.

आपल्या दैनिकाद्वारे संबंधितांना माझी विनंती अशी आहे. गाळपेरासाठी जमीन देताना, पाणी जेथे असेल तेथपासून पन्नास पावलांची पट्टी नांगरू नये, अशी अट गावकऱ्यांशी बोलून घालावी. पाणी मागे सरत असल्यामुळे ही पट्टीही सरकत राहील, म्हणून दगड रोवून तिची हद्द आखता येणार नाही. ती हद्द शेतकऱ्याने स्वतःच पाळायची असल्याने त्याचा विश्वास आधी मिळवावा लागेल. जाळ्यांचे तुकडे गोळा करणाऱ्या मच्छीमारांना त्या श्रमाचे काही मोल द्यावे. जानेवारीतील पाणपक्षी गणनेत भिंतीवरून दुर्बिणीने मोठी बदके टिपली जातात, परंतु टिलवे आणि तुतवार काठाने चालल्याशिवाय हाती लागत नाहीत. त्यासाठी काठच्या गावांतील शाळांची मुले पायी चालायला घ्यावीत. शासनाने मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिनांमधील ५ ते १२ नोव्हेंबर हा काळ पक्षी सप्ताह ठरवला आहे. त्या सप्ताहात शाळांतून चित्रे काढून घेतात, भाषणे होतात, हे चांगलेच आहे. पण नेमकी तेव्हाच नाथसागराची ओहोटी लागत असते आणि मुलांना ती त्या चिखलात उभे राहून पाहता येईल. माझ्याकडून जेवढे होईल तेवढे वर्ग मी विनामोबदला घेऊन जायला तयार आहे.

याच नदीवर वरच्या बाजूला असलेले नांदूर मध्यमेश्वर २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. गोदावरी तीच, पाखरेही बहुतांशी तीच. एका पाणवठ्यावरून उठलेला थवा दुसऱ्यावर उतरायला कितीसा वेळ लागणार?

एका बाबतीत मात्र घाई करायला हवी. मार्चपासून नदी सुरय आणि आर्ली उघड्या जमिनीवर, बेटांवर अंडी घालू लागतात. मातीच्या रंगाची ती अंडी पावलाखाली येईपर्यंत दिसत नाहीत, मग ट्रॅक्टरवरून कशी दिसणार? त्या सुमारास पाणी पुष्कळ उतरलेले असते आणि उन्हाळी पिकासाठी दुसरी नांगरट सुरू होते. निदान पाण्यातून वर आलेली छोटी बेटे मार्च ते मे या काळात मोकळी सोडावीत, एवढा निर्णय ग्रामसभांनी याच महिन्यात घेतला तरी या मोसमातली पिल्ले वाचतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, पैठण