बाबा, अजून उडालं नाही

खामला, नागपूर
डिसेंबर

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन लागला की बाबांचा पहिला प्रश्न असतो, ‘उडालं का?’ मी ‘नाही’ म्हटलं की फोन आईकडे जातो आणि आई विचारते, ‘जेवलीस का?’ या दोन प्रश्नांच्या मधलं सगळं सांगायचं राहून जातं. त्यात तिथे पुण्याला दादाकडे टीव्ही बंद नसतो (हे त्याला वाचून दाखवू नका). म्हणून पत्र लिहायला बसले.

आधी बाबांचं उत्तर देऊन टाकते. मी घरी बनवतेय ते रिमोटचं विमान उडालं नाही, आणि जानेवारी संपेपर्यंत उडणारही नाही. इथे अधिवेशन सुरू आहे. सिव्हिल लाइन्सपासून सीताबर्डीपर्यंत मोर्चे, बॅरिकेड, चौकाचौकात पोलीस. अशा दिवसांत रिमोटवर चालणारं काही आकाशात सोडणं म्हणजे पोलिसांना घरी चहाला बोलावणं. अधिवेशन आटोपलं की लगेच संक्रांत. आपल्या गावाला पतंगाचं कसं याड आहे ते तुम्हाला काय सांगायचं. महिनाभर प्रत्येक गच्चीवरून ‘ओ काट’, आणि बंदी असली तरी नायलॉनचा मांजा कुठून तरी येतोच. तो प्रोपेलरच्या दांड्यात अडकला की मोटर जळते. जळाली नाही तरी विमान तिथेच खाली येतं.

आणि आपल्या घराजवळ तर ते कधीच उडणार नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांत रिमोटचं विमानही येतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काही उडवायचं नाही, ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत, त्याच्या बाहेर ४०० फुटांपर्यंत. सोनेगावची धावपट्टी आपल्या इतकी जवळ की गच्चीवर पापड वाळत घालताना उतरणाऱ्या विमानाची चाकं दिसतात. म्हणून कळमेश्वरच्या अलीकडे ऑफिसातल्या एकाच्या काकांचं पडीक वावर आहे, ते ठरवलंय. सपाट आहे, विजेच्या तारा नाहीत, आणि काकांची अट एवढीच की त्यांच्या नातवाला बघू द्यायचं.

आता विमानाबद्दल. माझं मॉडेल टायगर मॉथ या जुन्या शिकाऊ विमानाचं. बाबा, तुम्ही म्हणालात की इंग्रजांचं टायगर मॉथ कशाला, आपल्या घाटग्यांचं एचटी-२ कर. मुद्दा मला मान्य आहे. डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत गटिंगेनला, हवेच्या प्रवाहाचे शास्त्रज्ञ प्रांटल यांच्याकडे शिकून आले, बंगलोरला एचटी-२ बनवलं, १९५१ च्या ऑगस्टमध्ये ते उडालं आणि पुढे आपल्या वायुसेनेच्या शाळेत त्याने टायगर मॉथचीच जागा घेतली. पण त्याला पंखांची एकच जोडी. मला दोन जोड्या हव्या होत्या, एकावर एक, मध्ये खांब आणि तारा. ही हौस आहे, तिला कारण नाही. एचटी-२ पुढच्या वेळी, तुमच्या देखरेखीखाली.

मूळ टायगर मॉथ २६ ऑक्टोबर १९३१ ला पहिल्यांदा उडालं. पंखांचा पसारा २९ फूट ४ इंच. माझं मॉडेल एक-षष्ठांश, म्हणजे पसारा ५८.७ इंच. ड्रॉइंगची प्रिंट बर्डीत, आर्किटेक्ट लोकांचे नकाशे जिथे छापतात तिथून काढली. ती जेवणाच्या टेबलावर अंथरली, वर प्लॅस्टिक, आणि त्यावरच टाचण्या टोचून फासळ्या जोडत गेले. आई, टेबलाला खाली थर्माकोल लावलाय, तुझ्या सनमायक्याला एक भोक पडलेलं नाही.

बाबा, तुम्ही आयुष्यभर वर्ग आणि घन शिकवलेत, तेव्हा हे गणित तुमच्यासाठी. माप सहापट लहान केलं की पंखाचं क्षेत्रफळ ३६ पट कमी होतं, पण वजन २१६ पट कमी व्हायला हवं. मूळ विमान माणसं-पेट्रोल धरून ८२८ किलो. २१६ ने भागा, ३.८३ किलो येतात. मूळ पंख २२.२ चौरस मीटर, ३६ ने भागले की ०.६२. म्हणजे मॉडेलच्या प्रत्येक चौरस मीटर पंखावर ६ किलोच्या वर भार, मूळ विमानात ३७. मॉडेलवाल्यांना ६ सुद्धा जास्त वाटतात, कारण भार जितका कमी तितकं ते सावकाश उडतं, आणि टायगर मॉथ सुसाट गेलं तर ते टायगर मॉथ वाटतच नाही. मला सगळं मिळून २ किलोच्या आत बसवायचंय. त्याला दुसरंही कारण आहे. २ किलोपर्यंतचं विमान नियमांत ‘मायक्रो’ गटात येतं आणि हौसेसाठी उडवायला पायलटचा दाखला लागत नाही. त्यामुळे घरात प्रत्येक गोष्ट वजनकाट्यावर जाते. फेव्हिकॉलचा जास्तीचा थेंब ओल्या कापडाने पुसायचा, बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाची पट्टी विकत घेताना हातात तोलून हलकी ती शेपटीला आणि कडक ती पंखाच्या कण्याला. शेपटीत १ ग्रॅम वाढला तर तोल साधायला नाकात ३ ग्रॅम घालावे लागतात. या विमानाचं नाक आखूड, म्हणून शेपटीशी कंजूषपणा करावाच लागतो.

उन्हाळ्यात काम का थांबलं होतं, हेही फोनवर नीट सांगता आलं नाही. मे महिन्यात ४५ अंशांत कूलर लावल्याशिवाय बसवत नाही, आणि कूलर लावला की खोलीत ओल. पातळ बाल्सा ओल पिते आणि पापडासारखी वाकडी होते. पंखा लावला तर कागद आणि फासळ्या उडतात. मग रात्री सगळं बंद करून, खिडक्या उघड्या टाकून, घामाच्या धारांत काम. शेवटी जून लागल्यावर सोडून दिलं. आपल्याकडचा मॉडेलचा खरा हंगाम दसऱ्यानंतरचा, हवा कोरडी, सकाळी वारा पडलेला.

आता आईला आवडेल असं. या विमानाचा वरचा पंख खालच्यापेक्षा पुढे सरकलेला आहे आणि दोन्ही पंख मागे झुकलेले. आधीच्या जिप्सी मॉथमध्ये वरचा पंख पुढच्या सीटच्या बरोबर डोक्यावर होता. हवेत काही झालं आणि पॅराशूट घालून उडी मारायची वेळ आली तर पुढच्या माणसाला बाहेर पडणं कठीण. म्हणून पंख पुढे घेतला. पण पंख पुढे गेला की उचलण्याचं बळही पुढे जातं, तोल बिघडतो. म्हणून टोकं मागे वळवली. पुढच्या सीटवर बसणार मास्तर, आणि मागे शिकाऊ. एकट्याने उडवायचं तर मागच्याच सीटवरून, कारण पुढे कोणी नसलं तरी तोल तसाच राहतो. दोघांच्या मध्ये बोलायला रबरी नळी. बाबा मला लूनावर शिकवताना मागून ओरडायचे, इथे मास्तर पुढे बसून ओरडतो, एवढाच फरक.

त्या मागे वळवलेल्या पंखांनी मला मात्र छळलं. प्रत्येक फासळी कण्याला काटकोनात नाही, किंचित तिरकी बसते, आणि डाव्या पंखाचा तिरकेपणा उजव्याशी जुळायलाच हवा. त्यासाठी प्लायचा साचा करून घेतला.

सगळ्यात मजा एलेरॉनची. वळताना पंखाच्या मागची जी फळी खालीवर होते ती. टायगर मॉथला ती फक्त खालच्या पंखात आहे. फळी खाली गेली की त्या बाजूचा पंख वर उचलला जातो, पण त्याच बाजूला हवेचा अडथळाही वाढतो, मग नाक वळायच्या उलट दिशेला ओढलं जातं. विमान डावीकडे कलतं आणि बघतं उजवीकडे. यावर त्यांनी साधी युक्ती केली. फळ्या ओढणारी चकती अशी बसवली की वर जाणारी फळी भरपूर वर जाते आणि खाली जाणारी जेमतेम. मी सर्व्होचा, म्हणजे फळी हलवणाऱ्या छोट्या मोटरचा, हात तिरका लावून तेच केलंय. तरी वळताना डाव्या हाताने रडर (शेपटीची उभी फळी) द्यावाच लागतो. रिमोटचा सराव कॉम्प्युटरवर रोज रात्री सुरू आहे. आणि पहिलं उड्डाण मी करणार नाही. इथे एक जुने मॉडेलवाले काका आहेत, ते ट्रिम करून, म्हणजे सरळ उडेल असं बसवून, जमिनीवर आणून माझ्या हातात देतील. त्यात मला कमीपणा वाटत नाही.

आई, खरं काम तुझ्याकडे आहे. मूळ विमानाच्या सांगाड्यावर कापड ताणून बसवायचे, प्रत्येक फासळीला हाताने टाके घालून शिवायचे, वर पट्टी चिकटवायचे आणि मग डोप नावाचं द्रव्य फासायचे, त्याने कापड ढोलकीगत ताठ होतं. माझं कापड इस्त्रीने चिकटतं आणि गरम केलं की आकसतं. हो, तुझी प्रवासाची छोटी इस्त्री घेतली. तिचा तळ पुसून ठेवते. टाके खोटे आहेत, गोंदाचे बारीक ठिपके आणि वर पट्टी. पण ते अंतर मला सरळ येत नाही. तू दुलईला दोरे घालताना पट्टी न ठेवता सरळ कशी जायचीस? हे फोनवर सांगू नको, व्हिडिओ काढायला लाव पिंकीला.

आणि पिंकीची परवानगी हवी आहे. तिची जुनी बार्बी इथल्या कपाटात राहिली होती. बार्बीचं माप एक-षष्ठांशच असतं! बाजारात पायलटची बाहुली घ्यायला गेलं तर महाग आणि सगळे गोरे, मिशीवाले. १९३६ मध्ये लाहोरला सरला ठकराल २१ व्या वर्षी जिप्सी मॉथमध्ये एकट्या उडाल्या, साडी नेसून, हे तुला सांगितलं होतं ना? तर मागच्या सीटवर साडीतली बाई बसणार. वजनासाठी कमरेच्या खालचा भाग कापावा लागेल, तो बाहेरून दिसत नाही. पिंकीला हे कसं सांगायचं ते तू ठरव. आणि एखाद्या ब्लाउजपीसच्या उरलेल्या तुकड्यातून हातभर पातळ साडी करून पाठव, सुती नको, वजन होतं. निळा रंग चालेल, विमान पिवळं आहे.

आता एक सांगायचंच होतं. आई, तू शेजारच्या काकूंना फोन करून ‘ती बरी आहे ना, एकटीच त्या खेळण्यात गुंतून असते म्हणे’ असं विचारलंस, ते माझ्यापर्यंत आलं. काकूंचं पोटात राहत नाही हे तुला माहीत आहे. मी बरी आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी जेवणाच्या टेबलावर विमान करून राहिले म्हणजे काहीतरी बिनसलंय, असं नसतं. तुम्ही पुण्याला गेल्यावर घर मोठं वाटलं हे खरं, सुरुवातीला संध्याकाळी फार वाटलं. पण विमान त्यासाठी सुरू केलं नाही, ते तुम्ही इथे असतानाच डोक्यात होतं, बाबांनी आजोबांच्या टपालाच्या थैल्यांची गोष्ट सांगितल्यापासून.

बाबा, ती गोष्ट तुम्ही लिहून काढा अशी माझी फार इच्छा आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री सोनेगावला यायची, थैल्या अदलाबदल करायची आणि पहाटे आपापल्या गावी परतायची, एवढं पुस्तकात मिळतं. पण आजोबा ड्यूटीवरून येताना डब्यात काय आणायचे, डाकोटा विमानाचं इंजिन सुरू झालं की तुम्ही कुठे लपायचात, हे कुठे मिळणार? कानाचं मशीन लावा, पिंकीला समोर बसवा आणि सांगा. ती टाइप करेल.

घरचं सांगायचं तर टाकीचा बॉल कॉक बदलला. मागच्या कढीपत्त्याला पुन्हा फुटवे आले. आंबिया बहाराची संत्री यंदा चांगली आहेत, शनिवारी समोरचे देशपांडे गाडीने पुण्याला जाणार आहेत, त्यांच्याबरोबर एक पेटी देते. बाबांनी दिवसाला दोनच खायची, साखर बघून. सोबत प्लायचा एक छोटा तुकडा आहे, तो दादाच्या टेबलावर ठेवू नका, त्यावर तुमच्यासाठी पेन्सिलने आकडे लिहिलेत.

आज काट्यावर मोटर, सर्व्हो, बॅटरी आणि दोन्ही पंख धरून १७४० ग्रॅम भरले. रंग, चाकांची रबरं, तारा आणि बाई बाकी आहेत. बॅटरी नाकात इंजिनाच्या खोट्या झाकणाखाली आणखी पुढे सरकवली तर तोलासाठी शिसं लागणार नाही असं माझ्या हिशेबाने येतं. तुमच्या हिशेबाने काय येतं ते कळवा. अंतरं इंचात आहेत.

तुमची,
मिनू

ता. क. आई, जेवले. पिठलं-भाकर, आणि काकूंनी पाठवलेली पाटोडी.