प्रकल्प अहवालांच्या भाषांतराचा भार निधी देणाऱ्यांनी उचलावा

महोदय,

विकासकार्यातील कृत्रिम बुद्धिमत्ता म्हटले की आपल्याकडे चर्चा होते ती उपग्रहचित्रांवरून पिकांचा अंदाज बांधणाऱ्या किंवा दुष्काळाची आगाऊ सूचना देणाऱ्या मोठ्या यंत्रणांची. प्रत्यक्षात परदेशी निधीवर चालणाऱ्या प्रकल्पांच्या तालुका कार्यालयांत हे तंत्रज्ञान अगदी साध्या वाटेने शिरले आहे. व्हॉट्सअॅपवर आलेली व्हॉइस नोट लिहून काढणे, बैठकीच्या टिपणांवरून इतिवृत्ताचा मसुदा करणे, लाभार्थी यादीत दोनदा आलेली नावे हुडकणे आणि मुख्य म्हणजे मराठी मजकुराचे इंग्रजी करणे, ही कामे आता मोबाइलवर होतात. विदर्भात महिला बचत गटांच्या प्रकल्पांत देखरेखीचे आणि अहवालाचे काम करणारी व्यक्ती म्हणून यांतील शेवटच्या कामाबद्दल, आणि ते कोणी करावे याबद्दल, काही लिहावेसे वाटते.

निधी ज्या वाटेने रोम किंवा वॉशिंग्टनहून गावापर्यंत येतो, त्याच वाटेने अहवाल उलटा जातो. महिला आर्थिक विकास महामंडळाने राबवलेल्या तेजस्विनी कार्यक्रमाला संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचे साहाय्य होते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी जागतिक बँकेने २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. अशा प्रकल्पांचा सारा डोलारा ज्या नोंदींवर उभा राहतो, त्या गटाच्या बैठकीच्या वहीत, ग्राम कृषी संजीवनी समितीच्या ठरावात आणि सहयोगिनीच्या (गावोगावच्या गटांचे काम पाहणाऱ्या कार्यकर्तीच्या) महिन्याच्या टिपणात मराठीतच होतात. कृषी विकास निधीच्या अधिकृत भाषा मात्र अरबी, इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश या चार, आणि जागतिक बँकेचा कारभार प्रामुख्याने इंग्रजीत. २०११ च्या जनगणनेत सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेली आणि २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळालेली मराठी या कार्यालयांच्या दाराबाहेरच थांबते. (अभिजात दर्जाचे पेढे वाटून झाले असतील, तर अशा रोजच्या जागांकडेही पाहायला हरकत नाही.)

छोट्या स्वयंसेवी संस्थांची अडचण याहून मोठी आहे. परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या परकीय अंशदान विनियमन कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीने अशा देणगीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली, आणि अहवाल लिहिण्याचा व दाखल करण्याचा खर्चही नियमांनुसार याच सदरात मोडतो. साहजिकच इंग्रजी अहवाल लिहिण्यासाठी वेगळा माणूस ठेवणे बहुतेकांना परवडत नाही. त्यातच अमेरिकेची यूएसएड ही परदेशांना विकासासाठी मदत देणारी सरकारी संस्था २०२५ मध्ये गुंडाळली गेली, तिच्या पैशावर चालणारी अनेक देशांतील कामे थांबली आणि उरलेल्या निधीसाठीची चढाओढ वाढली. माणसे कमी झाली, अहवाल मात्र तेवढेच राहिले. अशा वेळी फुकटात इंग्रजी लिहून देणारे साधन हाताशी आल्यावर कार्यकर्त्यांनी ते वापरले, तर त्यात नवल नाही आणि गैरही नाही.

प्रश्न आहे तो आपण त्या साधनाला काय करायला सांगतो याचा. एका गावातील सहयोगिनीने पाठवलेली व्हॉइस नोट साधारण अशी होती: कापूस वेचणीच्या दिवसांत बाया दिवे लागल्यावरच घरी येतात, त्यामुळे दुपारची बैठक भरत नव्हती, म्हणून गटाने ती रात्री मारुतीच्या पारावर घ्यायला सुरुवात केली, आणि ज्या दोघींना घरून रात्री निघू देत नाहीत त्यांची बचत शेजारीण आणून देते. वरच्या कार्यालयात पोहोचलेल्या इंग्रजी अहवालात याचे एकच वाक्य उरले, ज्याचा आशय होता की जाणीवजागृतीमुळे सभासदांच्या उपस्थितीत लक्षणीय सुधारणा झाली. वेचणी गेली, पार गेला, त्या दोघीही गेल्या. हे काम यंत्राने केले नव्हते. महिनाअखेरीला पंचवीस-तीस गटांचे अहवाल उरकणाऱ्या समन्वयकाने केले होते. मात्र हेच टिपण यंत्रापुढे ठेवून ‘चांगल्या इंग्रजीत अहवाल लिहून दे’ असे सांगितले, तर असेच गुळगुळीत वाक्य काही क्षणांत तयार होते आणि न घडलेली एखादी जाणीवजागृतीही त्यात सहज घुसते. उलट ‘वाक्यागणिक भाषांतर कर, काही गाळू नको, काही भर घालू नको’ असे बजावले, तर बराचसा तपशील शाबूत राहतो. याच कारणासाठी मी या साधनांच्या विरोधात नाही.

भाषांतर इतके स्वस्त आणि सोपे झाले असेल, तर ते पैसे घेणाऱ्यानेच का करायचे? आजवर निधी देणाऱ्या संस्थांकडे असे म्हणायला जागा होती की, आमचा एक अधिकारी अनेक देशांचे काम पाहतो, तो किती भाषा शिकणार? ती सबब आता टिकत नाही. सहयोगिनीने किंवा समन्वयकाने अहवाल मराठीत द्यावा, हवे तर बोलून द्यावा. त्याचे इंग्रजी, फ्रेंच किंवा आणखी काही करून घेण्याचे काम वाचणाऱ्याने आपल्या खर्चाने करावे. आणि दोन्ही मजकुरांत फरक आढळल्यास मूळ मराठी मजकूर ग्राह्य धरावा. अनेक भाषांत केल्या जाणाऱ्या करारांमध्ये कोणता मसुदा प्रमाण मानायचा हे लिहून ठेवतात. तीच पद्धत इथे आणायची आहे.

लिहिणाऱ्याला त्याच्या भाषेत लिहू द्यावे आणि पुढचे काम संस्थेने पेलावे, अशी उदाहरणे विकासक्षेत्रात आहेत. केनियात जकारांडा हेल्थ ही संस्था गरोदर आणि बाळंतीण स्त्रियांसाठी ‘प्रॉम्प्ट्स’ नावाची एसएमएस सेवा चालवते. तिथे स्त्री स्वाहिलीत किंवा इंग्रजीत, जमेल तसा प्रश्न पाठवते. आलेल्या प्रश्नांपैकी तातडीचे कोणते हे संगणक छाननी करून पुढे काढतो आणि मदतकक्षातील माणसे त्यांकडे आधी लक्ष देतात. आरोग्याच्या नाजूक प्रश्नांबाबत जे जमते, ते तिमाही प्रगती अहवालाबाबत जमू नये असे काही त्यात दिसत नाही.

यावर खरा आक्षेप चुकांचा आहे आणि तो रास्त आहे. यंत्र साडेतीनचे तीन करते, गावाच्या नावापुढचे खुर्द आणि बुद्रुक गाळून दोन गावांचे एक गाव करून टाकते, आणि आधार कार्डावर, पासबुकात व गटाच्या यादीत तीन तऱ्हेने लिहिलेल्या एकाच नावाच्या तीन स्त्रिया मानते. परंतु या चुका आजही होतातच, आणि त्या इंग्रजी न वाचणाऱ्या सहयोगिनीच्या नजरेआड होतात. मराठी अहवाल तिला स्वतः वाचून सही करता येईल, गटाच्या बैठकीत वाचून दाखवता येईल. दाता संस्थेने अहवालांचा एक नमुना दरवेळी दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसाकडून तपासून घेतला, तर भाषांतराचा दर्जाही कळेल. आकड्यांचे रकाने मात्र मुळीच भाषांतराला देऊ नयेत. ते जसेच्या तसे पाठवावेत.

वऱ्हाडी बोलण्यापुढे ही साधने अजून अडखळतात. मेळघाटातल्या कोरकूचा आणि गडचिरोलीतल्या गोंडीचा प्रश्न तर आणखी कठीण आहे. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ हे भाषांतर साधन चाचणी स्वरूपात आणले असून त्यात गोंडी आणि भिली आहेत, हे स्वागतार्ह आहे. पण अशी साधने भरवशाची होईपर्यंत या भागांत दुभाषा लागेल, आणि बहुधा पदरमोड करून हे काम करणाऱ्या स्थानिक तरुणांना त्याचे मानधन मिळायला हवे.

एका बाबतीत मात्र कोणतीही सूट नको. कौटुंबिक हिंसेची तक्रार, एचआयव्हीची नोंद, कर्ज थकलेल्या स्त्रीचे नाव किंवा कोणाचाही आधार क्रमांक फुकटच्या साधनात चिकटवू नये. नावाच्या जागी सांकेतिक क्रमांक घालूनच मजकूर पुढे जावा. मदतीसाठी दिलेली माहिती कुठे जाऊ शकते हे जगाने पाहिले आहे. जानेवारी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीवर झालेल्या सायबर हल्ल्यात ५ लाख १५ हजारांहून अधिक लोकांची माहिती उघडी पडली, आणि त्यांत युद्ध, आपत्ती वा स्थलांतरामुळे कुटुंबापासून तुटलेली माणसे होती. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत असेल, तर तालुक्याच्या कार्यालयातल्या सामायिक लॅपटॉपबद्दल वेगळे सांगायला नको. म्हणूनच भाषांतरासाठी सुरक्षित, पैसे भरून घेतलेले साधन पुरवण्याची जबाबदारीही निधी देणाऱ्याचीच असावी.

राज्य सरकार जागतिक बँकेसारख्या संस्थांशी कर्जाच्या वाटाघाटी करते, तेव्हा अहवालाची भाषा हा मुद्दा मांडण्याइतके त्याचे वजन नक्कीच आहे. पुढील करारांत मराठी अहवाल स्वीकारण्याचे कलम घालण्याचा आग्रह नियोजन विभागाने धरावा. स्वयंसेवी संस्थांनीही नव्या प्रस्तावासोबत भाषांतर आणि त्याची पडताळणी दात्याच्या कार्यालयात, त्याच्या खर्चाने व्हावी अशी लेखी मागणी करावी. तो खर्च आपल्या अंदाजपत्रकात घेतला, तर तो पुन्हा त्याच २० टक्क्यांच्या मर्यादेत जाऊन बसेल.

आपला विश्वासू,
एक प्रकल्प कार्यकर्ता, यवतमाळ