दगड वाहणाऱ्यांना एक ओळही नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या फ्लोरिडामधील सेंट ऑगस्टीन शहराच्या किल्ल्यावरचा लेख वाचला. लेखकाची भाषा ओघवती आहे, फिरण्याची हौसही जाणवते, त्याबद्दल अभिनंदन. पण 'अजिंक्य' हा शब्द दर परिच्छेदात वाचून कंटाळा आला, आणि किल्ला ज्यांच्या कष्टातून उभा राहिला त्यांच्यासाठी मात्र अख्ख्या पानात एक ओळ सापडली नाही. 'स्पॅनिशांनी बांधला' म्हटलं की झालं!

माझी मुलगी जॅक्सनव्हिलला असते, त्यामुळे तो किल्ला, कास्तिलो दे सान मार्कोस, मी पाहिला आहे. शहर दाखवणाऱ्या गाडीवरचा गाइड समुद्री चाचे आणि पछाडलेल्या घरांबद्दल भरभरून बोलत होता. किल्ला कोणी बांधला, असं मी विचारलं, तर म्हणाला, "स्पॅनिश लोकांनी", आणि पुढच्या चौकातलं आइस्क्रीमचं दुकान दाखवू लागला. दगड कोणी फोडले, कोणी वाहिले, असं पुन्हा विचारल्यावर गाडीतली मंडळी अशी वळून बघू लागली की जावईबापूंनी मला हळूच गप्प बसायची खूण केली. तो राग अजून गेलेला नाही. तेच उत्तर आता मराठीत, तुमच्या पुरवणीत छापून आलं.

वास्तविक ही माहिती कुठे दडवून ठेवलेली नाही. १६६८ साली इंग्रज चाचा रॉबर्ट सर्ल याने शहर लुटलं, १६७० मध्ये इंग्रजांनी उत्तरेला चार्ल्स टाउन वसवलं, तेव्हा आता लाकडी किल्ल्यांवर भागणार नाही हे स्पेनच्या दरबाराला पटलं. क्युबातल्या हवानाहून इग्नासिओ दासा हा इंजिनिअर आला. ऑक्टोबर १६७२ मध्ये पाया खणायला घेतला आणि १६९५ पर्यंत काम चाललं. कसबी पाथरवट क्युबातून आणले होते. पण अंगमेहनत होती ग्वाले, तिमुकुआ आणि अपालाची या स्थानिक लोकांची. पाद्र्यांच्या मिशनमधल्या गावांतून त्यांना वेठीला धरून आणत. मजुरी रोजाला एक रेआल, म्हणजे स्पॅनिश चांदीचं नाणं, आणि मक्याचा शिधा. खाडीपलीकडच्या अनास्तासिया बेटावर दगड काढायचा, बैलगाडीतून धक्क्यावर आणायचा, तिथून होडीत चढवायचा. कालवांच्या शिंपल्या भाजून चुना करायचा. जोडीला राजाचे गुलाम होते, शिक्षा झालेले कैदी होते.

कोकिना दगडाचं लेखकाने केलेलं कौतुक रास्तच आहे. जवळ जाऊन पाहिलं तर त्या दगडात नखाएवढ्या शिंपल्या एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसतात, हात फिरवला की भुसभुशीत वाळू बोटांना लागते. तोफेचा गोळा त्यात रुतून बसतो, भिंत ढासळत नाही. १७०२ मध्ये कॅरोलायना या इंग्रज वसाहतीचा गव्हर्नर जेम्स मूर चालून आला तेव्हा सुमारे १,५०० माणसं जवळजवळ ५० दिवस आत राहिली आणि वाचली. हवानाची जहाजं दिसल्यावर मूरने शहर जाळून पळ काढला.

लेखातला १७०२ चा पराक्रम इथे संपतो. पण हाच मूर १७०४ मध्ये अपालाची मुलखात शिरला. गावं बेचिराख केली, शेकडो माणसं गुलाम करून नेली. ज्यांच्याकडून तो किल्ला बांधून घेतला, त्यांच्या गावांभोवती तसली भिंत नव्हती. १७६३ मध्ये स्पेनने फ्लोरिडा ब्रिटनला देऊन टाकला. तेव्हा क्युबाकडे निघालेल्या जहाजांत मिशनमधली स्थानिक माणसं उरली होती शंभराहूनही कमी. याला अजिंक्य म्हणायचं तर कोणाच्या हिशेबाने? लेखकाने मला सांगावं.

लेखाच्या शेवटी 'हा तर फ्लोरिडाचा जंजिरा' असं म्हटलं आहे. माझं माहेर मुरूडचं, म्हणून हे वाक्य दोनदा वाचलं. अहो, जंजिरा म्हटलं की आधी मूळचे आफ्रिकेतले सिद्दी आठवतात! जंजिरा आठवलाच होता, तर किल्ल्यापासून दोन मैलांवरचं मोसे कसं आठवलं नाही? कॅरोलायनातल्या मळ्यांवरून पळून आलेल्या आफ्रिकन गुलामांची ती गढी. स्पॅनिश गव्हर्नर मोंतिआनोने ती १७३८ मध्ये वसवली, तिचा कप्तान होता फ्रान्सिस्को मेनेंदेस. कॅथलिक व्हा, हत्यार उचला, मग स्वातंत्र्य, अशी अट होती. स्पॅनिशांनी हे दयेपोटी केलं नाही, त्यांचे स्वतःचे गुलाम तेव्हाही राबतच होते. पण १७४० मध्ये इंग्रज सेनानी ओगलथॉर्पने सेंट ऑगस्टीनला वेढा घातला, तेव्हा इंग्रजांच्या हातून मोसे परत घेण्याच्या लढाईत ही माणसं लढली. ही लढाई तुमच्या लेखात नाही.

अमेरिकेच्या ताब्यात आल्यावर याच किल्ल्याचा तुरुंग झाला, तेही लेखात नाही. १८३७ मध्ये फ्लोरिडातल्या सेमिनोल जमातीचा नेता ओसिओला पांढऱ्या निशाणाखाली बोलणी करायला आला असता त्याला पकडून इथे आणलं. १८७५ मध्ये शायेन, कायोवा वगैरे मूळ अमेरिकन जमातींचे ७० हून अधिक लोक इथे डांबले. त्यांचे केस कापले, अंगावर लष्करी गणवेश चढवला. त्यांच्यातल्या झोटम आणि हाउलिंग वुल्फ यांनी वह्यांमध्ये शिकारीची, घोड्यांची, मागे राहिलेल्या मुलखाची रंगीत चित्रं काढली. ती आज संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत. अर्ध्या पानावर सूर्यास्ताचा फोटो छापलात, त्याऐवजी त्यातलं एक चित्र छापलं असतं तर वाचकाला काहीतरी मिळालं असतं.

आता फोटोचंच निघालं म्हणून. पहिल्या पानावरचा मोठा फोटो सान मार्कोसचा नाहीच. खडकाच्या टोकावरचा तो उंच, मजल्यांवर मजले असलेला, माथ्यावर दीपगृह असलेला किल्ला म्हणजे पोर्तो रिकोच्या सान हुआनचा एल मोरो. सान मार्कोस बसका, चार बुरुजांचा, खाडीकाठच्या सपाट हिरवळीवर आहे. त्यावर कळस म्हणजे फोटोखालची ओळ: 'अमेरिका खंडातला सर्वांत जुना स्पॅनिश किल्ला'. एल मोरोचं काम १५३९ मध्ये सुरू झालं आणि डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सांतो दोमिंगोचा ओसामा किल्ला त्याच्याही आधीचा, म्हणजे ती ओळ दोन्ही किल्ल्यांना लागू पडत नाही. मागे एका मंदिराच्या फोटोबाबतही असंच झालं होतं. तेव्हा मी पत्र पाठवलं, ते छापलं नाही आणि दुरुस्तीही आली नाही. या वेळी पत्र कापून छापलंत तरी चालेल, फोटोची दुरुस्ती मात्र येत्या रविवारी त्याच पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपली,
एक जुनी वाचक, ठाणे