घाटरस्ता रुंद करताना सावलीचा विचार व्हावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मी आणि माझा भाचा भोरहून सायकलने वरंध घाट उतरून वरंध गावापर्यंत गेलो आणि त्याच वाटेने परत आलो. मी ६१ वर्षांचा आहे आणि गेली पंधरा वर्षे नियमित सायकल चालवतो. त्या दिवशी परतीच्या चढावर मला जे जाणवले, ते केवळ हौशी सायकलस्वारांपुरते नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पहाटे साडेपाचला भोर सोडले. नीरा-देवघर धरणाच्या जलाशयाच्या कडेने जाणारा रस्ता त्या वेळी अतिशय सुखद होता आणि वाघजाई मंदिरापाशी चहा घेऊन आम्ही कोकणाच्या बाजूला उतरलो, तेव्हाही ऊन आमच्यापर्यंत पोहोचले नव्हते. सह्याद्रीचा हा उतार पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे सकाळी कड्याची सावली रस्त्यावर असते. दुपारनंतर मात्र ऊन थेट कातळावर येते आणि तापलेला काळा दगड ती उष्णता रस्त्यावर परत टाकत राहतो. हे मला ठाऊक होते. तरीही उतारावर एक ट्यूब फुटली, ती बदलण्यात आणि खाली जेवण्यात वेळ गेला आणि परतीचा चढ आम्ही साडेबारा वाजता सुरू केला. ती चूक आमचीच.

या चढावर कुठे पक्का रस्ता, तर कुठे कामासाठी उखडून मुरूम आणि खडी पसरलेला रस्ता, असे आलटून पालटून लागत होते. सुट्या खडीवर चढताना उभे राहून पेडल मारता येत नाही, कारण मागच्या चाकावरचा भार कमी होऊन ते जागच्या जागी फिरते. बसूनच, ताशी पाच-सहा किलोमीटरने, रेटत जावे लागते. एवढ्या वेगाला अंगाला वारा लागत नाही आणि कोकणातल्या दमट हवेत घामही वाळत नाही. शिवाय हँडलवरचा एक हात काढला तरी पुढचे चाक घसरते, म्हणजे ऐन तहानेच्या वेळी चालत्या सायकलवर बाटली तोंडाला लावता येत नाही. वाचकांना ही बाब किरकोळ वाटेल, पण उन्हाचा त्रास सुरू होतो तो इथेच. माणूस पुढच्या सावलीत थांबून पाणी पिऊ म्हणतो आणि ती सावली येतच नाही.

त्या दिवशीचा अंदाज ३९ अंशांचा होता. परंतु हवामान खात्याचे तापमान सावलीतल्या, हवा खेळती असलेल्या पेटीत मोजलेले असते. माझ्या सायकलवरचा मीटर उन्हात ४६ दाखवत होता. भाच्याच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. आमच्याजवळ पाणी होते, मीठ-साखरही होती, पण बसायला जागा नव्हती. अखेर एका वळणावर वडाचे जुने झाड मिळाले. त्याच्याखाली करवंदांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या दोन मावश्या होत्या, दुचाकी थांबवून विसावलेले एक कुटुंब होते. मावश्यांनी सरकून आम्हाला जागा दिली आणि भाच्याला पाय लांब करून निजायला सांगितले. अर्ध्या तासाने तो उभा राहू शकला. त्या झाडाच्या पुढेच, रस्त्याच्या त्याच बाजूला, तोडलेल्या झाडांचे ताजे बुंधे होते.

रस्ता रुंद आणि पक्का व्हायला हवा, याबद्दल माझी तक्रार नाही. पावसाळ्यात दरडींनी बंद पडणाऱ्या घाटात तो गरजेचाच आहे. परंतु गटार, कठडा आणि संरक्षक भिंत हे जसे रस्त्याचे भाग मानले जातात, तशी सावलीही मानली गेली पाहिजे. करवंदे विकणाऱ्या बायका, गुरे हाकणारी मुले, एसटी चुकल्यावर चालत निघालेले गावकरी यांच्यासाठी हा रस्ता सायकलस्वाराच्या रस्त्याइतकाच संथ असतो. शहरी भागासाठीच्या १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन ५० वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून संरक्षण मिळाले. घाटातला वड शहरात नाही, म्हणून त्या संरक्षणाबाहेर राहतो. गरज मात्र त्याचीच अधिक आहे.

जी झाडे अजून उभी आहेत, ती वळणाची आखणी थोडी बदलून तरी राखावीत. घाटात दोन-तीन ठिकाणी पाणपोई असावी. वाघजाईपाशी दुकाने आहेत, मधल्या चढावर काहीच नाही. पक्का रस्ता संपून खडी सुरू होते तेथे आधी फलक हवा, विशेषतः उताराच्या वळणांवर, कारण तिथे वाहून आलेली खडी दुचाकीस्वारालाही पाडते.

वड आणि पांगारा यांच्या जाड फांद्या पहिल्या पावसात नीट रोवल्या तर मुळे धरतात, हे इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला माहीत आहे. मोठ्या रोपवाटिकेची वाट पाहायला नको. पावसाला सहा-सात आठवडे उरले आहेत. जिथे काम पूर्ण झाले आहे, त्या पट्ट्यातले खड्डे आताच खणून ठेवावेत आणि गुरांपासून बचावासाठी काट्यांचे कुंपण करण्याचे काम त्या त्या गावांकडे मोबदल्यासह द्यावे.

कळावे,
एक सायकलस्वार वाचक, पुणे